उपवासाच्या डब्यातली बिस्किटं

शिंगाड्याचं तयार पीठ आणू नका, अख्खे सुके शिंगाडे आणा. धान्याचा कण न घालता घरी बिस्किटं करायची असतील, तर माझं पहिलं सांगणं हेच. आमच्या इंदुरात सियागंजच्या किराणा बाजारात ते पोत्यांनी असतात. मळकट पांढरे, कोपरे निघालेले, दाताला दाद न देणारे. दुकानदार "पिसा हुआ ले जाओ ना" म्हणून आग्रह करतो, पण मी अख्खेच घेते. दळलेल्या पिठाबद्दल मला त्याच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि ज्या चक्कीवर ते दळलं तिच्यावर त्याच्या आधी गहू होता की नाही हे त्यालाही माहीत नसतं. अख्खा शिंगाडा निवडता येतो, धुता येतो, उन्हात खडखडीत वाळवता येतो.

एवढी काळजी का, ते सांगते. माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने तिच्या लहान आतड्याला इजा होते. तिची उंची वाढत नव्हती, पोट सारखं फुगलेलं असायचं, लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी हा आजार ओळखणाऱ्या टीटीजी अँटिबॉडीची रक्ततपासणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना घेऊन तपासला. त्या वेळी डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती प्रत्येक आईबापापर्यंत पोचावी असं मला फार वाटतं. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर अँटिबॉडी उतरायला लागतात, आतडं भरून येऊ लागतं आणि निदान हुकतं. निदान पक्कं झालं की मात्र गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, rye हे धान्य) कायमचे बंद. सणावारालाही नाही, चिमूटभरही नाही. याच्यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डॉक्टरांनाही उशिराच कळला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवत आणि पाव, बटाटे, सगळी धान्यं बंद करत. मुलं सुधारायची, श्रेय केळ्याला मिळायचं. खरं काम गहू बंद झाल्यामुळे होत होतं, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिलं. त्यांचा प्रबंध १९५० चा. आपल्याकडे एम्सच्या डॉक्टरांनी दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण शंभरात एकाला सीलिअ‍ॅक आढळला. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नव्हे. आणि माळव्यात तर ताटच गव्हावर उभं आहे. बाफले, पुऱ्या, पोळ्या, लग्नात चुरमा.

बिस्किटांचं तर विचारूच नका. इंदुरात अजूनही पुष्कळ घरांत कणीक, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर नेतात आणि समोर उभं राहून बिस्किटं, नानखटाई भाजून आणतात. परत येताना रिक्षाभर वास. दिवाळीआधी आमच्याकडेही पत्र्याचा मोठा डबा भरून यायचा. लेकीच्या निदानानंतर तो रस्ता बंद झाला, कारण भट्टीच्या हवेतच मैदा असतो. तुमचं पीठ कितीही वेगळं असो, ट्रे तेच, पाट्या तेच, हात तेच. बाजारातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणून पाहिली. तसं लेबल लावायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा आपल्याकडे नियम आहे, त्यामुळे ती तिला चालतात. पण बहुतेकांत तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि साखर, यापलीकडे फारसं काही नसतं.

घरातला गहू शोधायलाच मला बरेच दिवस लागले. तो डब्यात दिसतो तेवढाच नसतो. बाजारातला बांधानी हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीत गहू. पोहे तांदळाचे, म्हणून निर्धास्त राहावं, तर वरून शेव आणि जिरावन मसाला भुरभुरलेला, आणि दोन्हीत हिंग. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या चिरांत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली असते. पिठाची चाळणी कितीही धुवा, जाळीच्या कडेला पांढरी रेघ राहतेच.

एका संध्याकाळी ओट्यावर सगळे डबे काढून मी वैतागून बसले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकादशीला माझ्या ओट्यावर गव्हाचा कण तरी असतो का?"

मला त्या वाक्याने उभारी दिली. त्यांचं उपवासाचं सगळं खरंच वेगळं असतं. कढई वेगळी, तवा वेगळा, तळणीचं तेल वेगळं, मीठसुद्धा सैंधव. हळद नाही, हिंग नाही, मोहरी नाही. उपवासाच्या डब्यात रोजचा चमचा बुडवला की त्या तो डबा बाजूला करतात. आम्ही सुना याला सोवळं म्हणून कधी हसलो असू, कधी कुरकुरलो असू. पण अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेला छापील कागद आणि सासूबाईंची एकादशी समोरासमोर ठेवली, तर ओळीला ओळ जुळते: भांडी वेगळी, चमचे वेगळे, आधी हात धुवा, एकाच वेळी दोन्ही पिठं उघडू नका. धान्याशिवाय स्वयंपाक करायचं आख्खं शास्त्र आमच्या घरात आधीपासून नांदत होतं. ते मला बाहेरून, महागड्या बदामाच्या पिठाच्या पाकिटातून आणायची गरज नव्हती.

मात्र उपवासाला चालतं ते सगळं धान्याविना असतं असं नाही. भगर म्हणजे वरी, ते गवतवर्गातलंच बी. तिच्यात ग्लुटेन नाही, पण काटेकोर बोलायचं तर ते धान्यच. राजगिरा गवतवर्गातला नाही, त्यातही ग्लुटेन नाही, तरी धान्याच्या जागी वापरतात म्हणून काही जण तोही टाळतात. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, आपल्या देशात मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे होतो. शिंगाडा तळ्यात येणारं फळ, आपल्या मध्य प्रदेशातल्या तळ्यांत भरपूर लावतात. तवकीर कंदाची. या यादीतून मी शिंगाडा आणि तवकीर उचलली, नारळ घेतला आणि मगज, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया.

लेकीला तांदूळ, ज्वारी, मका चालतात, तर मग धान्यच का सोडलं, असं कोणी विचारेल. त्याचं कारण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतं. लेकीच्या जिवलग मैत्रिणीला दूध आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि तिच्या धाकट्या भावाला गहू आणि मका दोन्ही चालत नाहीत. हे आमच्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. सीलिअ‍ॅकमध्ये आतड्याला हळूहळू इजा होते. अ‍ॅलर्जीत मात्र काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो, आणि अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देऊन लगेच दवाखाना गाठावा लागतो. मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच. वाढदिवसाला तिघांनाही एकाच ताटलीतून उचलता यावं, हे माझं ध्येय होतं. धान्य, दूध, अंडं, शेंगदाणे, काजू-बदाम, सोया, तीळ, यांतलं काहीही नको, असं एकदा ठरवलं की कोणाला काय चालतं हा हिशेबच उरत नाही.

पहिल्यांदा डबा वर पाठवायच्या आधी मी त्यांच्या आईला खाली बोलावलं. त्या संकोचून म्हणाल्या, "भाभी, बुरा मत मानना, एक बार पैकेट देख लूँ?" मी सगळी पाकिटं टेबलावरच मांडून ठेवली होती. चष्मा लावून त्यांनी एकेकाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, नारळाच्या किसाच्या पाकिटापाशी थांबल्या आणि "इसमें सल्फाइट है" म्हणाल्या. सल्फाइट म्हणजे पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन. मला ते दिसलंच नव्हतं. आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे आणि झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट, एवढं जाहीर करावं लागतं. तीळ त्या यादीत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळही सक्तीचा झाला. म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आपल्याकडचं लेबल वाचून थांबू नये, कंपनीला विचारावं. नारळाबद्दल त्या बाई घाबरत होत्या, कारण परदेशी पुस्तकांत तो सुक्यामेव्यात धरलेला असायचा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२५ च्या जानेवारीत तो त्या यादीतून काढला. तरी नारळाचीही अ‍ॅलर्जी काहींना असते, बियांचीही असते, त्यामुळे "चालेल ना?" हे विचारल्याशिवाय मी कोणाच्या मुलाला काही देत नाही. किसाचं पाकीट त्या दिवसापासून बंद केलं. आता सुक्या खोबऱ्याची वाटी आणून, पाठ खरवडून घरीच किसते.

आता पिठाकडे येते. मैद्याच्या किंवा कणकेच्या बिस्किटात ग्लुटेन थोडंफार बांधायचं काम करतं. पावाला ते लागतंच, बिस्किटाला फार लागत नाही. उलट खुसखुशीतपणासाठी आपण मोहन घालून त्याला आवरतच असतो. म्हणून धान्य सोडून काही भाजायचं असेल तर सुरुवात बिस्किटापासून करावी, केकच्या वाटेला लगेच जाऊ नये. पण नुसत्या शिंगाड्याच्या पिठाचं बिस्कीट होत नाही. ते जवळजवळ सगळं स्टार्च आहे. भाजलं की वरून काचेगत तुकतुकीत आणि आतून खरखरीत होतं, आणि गार झालं की दातांना त्रास. नुसत्या खोबऱ्याचं केलं तर ट्रेवरून उचलताच भुगा. नुसती तवकीर घशाला चिकटते. तिघांची गाठ घालून देणारं काहीतरी हवं होतं. ते मगजने केलं. मगजमध्ये स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही आहेत, चवीला सौम्य, रंगाला पांढरं, आणि माळव्यातल्या ग्रेव्ह्यांमुळे सियागंजात ते सहज मिळतं.

शिंगाडे आधी खलबत्त्यात फोडते, नाहीतर मिक्सरचं पातं जातं. मग बारीक करून वस्त्रगाळ करते. चाळणीने चाळलेलं पीठ बोटांना मऊ लागतं, पण भाजल्यावर त्यातले खडे जिभेला कळतात. जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यातून गाळलेलं पीठ हातावर घेऊन चोळलं तर त्वचेच्या रेषांत जाऊन बसतं, इतकं तलम हवं. मग कोरड्या कढईत मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचं. रंग बदलू द्यायचा नाही. हे परतणं टाळू नये, सगळा फरक तिथे पडतो.

१०० ग्रॅम शिंगाड्याच्या पिठाला मी ६० ग्रॅम मगज, ४० ग्रॅम बारीक केलेलं सुकं खोबरं आणि २० ग्रॅम तवकीर घेते. मगज मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचं, सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. थोडा शिंगाडा त्यातच घातला की सुटं राहतं. गोडीला ८० ग्रॅम गूळ. करेली गावचा मिळाला तर उत्तम, किसून चाळलेला. ६० ग्रॅम खोबरेल तेल, खाण्याचं. तूप घातलं असतं तर चव वेगळीच आली असती, हे सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पण तूप कितीही कढवलं तरी दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीला तेवढाही चालत नाही. अंड्याच्या जागी अळशी. एक मोठा चमचा अळशी ताजी दळून तीन मोठे चमचे गरम पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत चिकट, तार धरणारी लापशी होते, ती मिश्रण बांधते. अळशीचं पीठ करून ठेवू नये, लवकर खवट होतं.

फुगण्यासाठी बेकिंग पावडर वापरत नाही, कारण बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरमध्ये मक्याचा स्टार्च असतो. पिठीसाखरेत आणि कस्टर्ड पावडरमध्येही तो सापडतो, वरच्या धाकट्यामुळे हे मी शिकले. पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस पुरतो. चिमूट मीठ, वेलची, थोडं जायफळ. गूळ आणि तेल आधी फेसायचं, मग अळशी आणि लिंबू, मग सोडा मिसळलेली कोरडी पिठं. गोळा आधी सैल वाटतो. वाटू द्यावा. शिंगाडा पाणी हळूहळू पितो, अर्ध्या तासाने तोच गोळा हाताला लागेनासा होतो. तेव्हा घाबरून पीठ वाढवलं तर बिस्कीट कोरडं ठक्क होतं.

इंदूरच्या हवेचाही यात वाटा आहे. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या पुढे पातळ होतं. जानेवारीत आमच्याकडे ते बाटलीत गोठलेलं असतं आणि गूळ त्याच्याबरोबर छान फेसला जातो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते पाण्यागत वाहतं आणि बिस्किटं ट्रेवर पसरून एकमेकांना भेटतात. म्हणून उन्हाळ्यात गोळा फ्रीजमध्ये घट्ट करून घ्यायचा, थापलेली बिस्किटं ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं आत ठेवायची, मगच ओव्हनमध्ये.

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवते. बिस्किटं अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जाड, बटर पेपरवर, पोळपाटाला हात न लावता दोन कागदांमध्ये लाटून वाटीने कापलेली. सोळा ते अठरा मिनिटं. गुळामुळे कडा लवकर रंग धरतात, तेव्हा शेवटची चार मिनिटं ओव्हनसमोरून हलायचं नाही. बाहेर काढल्यावर ती मऊच असतात, बोट लावलं तर खड्डा पडतो. त्यांना ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्यायचं. स्टार्च गार होताना आवळतो आणि खुसखुशीतपणा तेव्हाच येतो. ज्या दिवशी घरात आधीच कणीक मळली, पोळ्या झाल्या, त्या दिवशी मी बिस्किटं करत नाही. पिठाची धूळ हवेत बराच वेळ असते. सकाळी पहिलं काम बिस्किटांचं, पोळ्या नंतर.

मगज महाग झालं की सूर्यफुलाच्या बियाही चालतात, चव जास्त खमंग येते. फक्त त्यांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याशी गाठ पडली की भाजल्यानंतर काही तासांनी बिस्कीट आतून हिरवं पडतं. बुरशी समजून फेकू नका, खायला काही धोका नाही. सोडा थोडा कमी आणि लिंबू थोडं जास्त केलं की रंग आटोक्यात राहतो. वरच्या मजल्यावरच्या धाकट्याला मात्र हिरवंच आवडतं, तो मुद्दाम तसं मागून नेतो.

वाढदिवसाला मोठ्या ताटात बिस्किटं मांडली होती. शेजारी कागदावर मराठीत आणि हिंदीत एकेक जिन्नस लिहून ठेवला होता. मैत्रिणीने सवयीने आईकडे पाहिलं, आईने मान डोलावली, आणि पोरीने दोन्ही हातांत एकेक उचललं. माझ्या लेकीने तिला विचारलं, "अजून देऊ?" इतकी वर्षं पार्टीत स्वतःचा डबा वेगळा उघडून बसणारी ही मुलगी, त्या दिवशी दुसऱ्यांना वाढत होती. सासूबाईंनी एक चाखून पाहिलं आणि वेलची कमी आहे म्हणाल्या. ती आता वाढवली आहे. सैंधव घालून केली की त्यांनाही उपवासाला चालतात, आषाढीला त्या आपला वाटा आधीच बाजूला काढतात.

घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगली राहतात. मगज आणि खोबऱ्यामुळे त्यापुढे वास बदलायला लागतो, म्हणून एका वेळी फार करू नयेत. कापलेली कच्ची बिस्किटं फ्रीझरमध्ये ठेवून लागतील तशी भाजणं जास्त सोयीचं. पावसाळ्यात डबा उघडझाप होऊन मऊ पडली, तर १२० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावीत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत.